प्रूइटच्या पिशवीत मी नव्हतो

मी एक जुना चमचा आहे. खरं तर अर्धाच. माझा खोलगट भाग टोपल्या करणाऱ्या रोझेटाबाईच्या नवऱ्याने करवतीने कापून टाकला आणि उरलेल्या दांड्याचं टोक कानशीने घासून चपटं, गुळगुळीत केलं. त्यानंतर मी कुणाच्या तोंडात गेलो नाही. टोपल्यांत घुसत राहिलो.

मित्रांनो, दक्षिण कॅरोलायनाच्या आमच्या किनाऱ्यावर टोपल्या विणत नाहीत, शिवतात. सुवासिक गवताचा जुडगा गोल गोल फिरवत न्यायचा, माझ्या टोकाने आधीच्या फेरीत भोक पाडायचं आणि त्यातून ताडाच्या पानाची पट्टी ओढून घ्यायची. पूर्वी हे काम गाईच्या बरगडीच्या तुकड्याने होई, म्हणून मला अजूनही सगळे 'हाड'च म्हणतात.

रोझेटाबाईनंतर मी तिच्या लेकीच्या, व्हर्मेलच्या हातात आलो. महामार्गाच्या कडेला तिची लाकडी टपरी. तिथे चाळीस वर्षं आम्ही दोघांनी टोपल्या शिवल्या. लोक गाड्या थांबवून वाहवा करत. पण व्हर्मेलचा कुणावर विश्वास नव्हता, आणि त्याला कारणं होती. जिथे गवत उगवायचं ती वाळूची टेकाडं हॉटेलवाल्यांनी फाटकं लावून बंद केली. मग शहरातून एक शिकलेली बाई आली. तीन दिवस व्हर्मेलच्या हातचा लाल भात जेवली, गोष्टी लिहून घेतल्या आणि रोझेटाबाईची सगळ्यात मोठी टोपली 'प्रदर्शनाला' म्हणून घेऊन गेली, ती परत आलीच नाही. तेव्हापासून गिऱ्हाईक आलं की व्हर्मेल आधी त्याचे हात बघायची, मग तोंड. तिच्याबरोबर राहून मीही तसाच झालो.

म्हणूनच तिची भाची तलीथा नवं काही घेऊन आली, तेव्हा आम्हा दोघांनाही ते रुचलं नाही.

"मावशी, बाहेरगावचे पाहुणे येतील," तलीथा म्हणाली. "चर्चमागच्या ओल्या जमिनीत गवताची रोपं लावतील, मग बसून आपल्या गोष्टी ऐकतील."

"आधी गवत नेलं, मग टोपली नेली. आता गोष्टी न्यायला येणार होय?"

"न्यायला नाही गं. काहीतरी ठेवून जायला."

"ठेवून जाणारा माणूस मी अजून बघितला नाही."

पण गवत संपत आलं होतं आणि टोपल्या शिकायला येणाऱ्या मुलींना रिकाम्या हाताने परत जावं लागत होतं. व्हर्मेल तयार झाली. मात्र खरी गोष्ट तिने पाहुण्यांना एकही सांगितली नाही. आजीच्या स्वप्नात टोपली आली, असलं काहीतरी गोड रचून सांगायची. पाहुणे डोळे पुसायचे आणि तलीथा मागून चिमटा काढायची.

एप्रिलमधल्या घोळक्यात ओहायोचा प्रूइट नावाचा उंच, अबोल म्हातारा होता. जन्मभर लोखंडी नळ जोडण्याचं काम केलेला. त्याने मला मागून घेतलं, बोटांवर माझी लांबी मोजली आणि वहीत माझं चित्र काढलं.

"झालं का बघून?" व्हर्मेल म्हणाली. "डोळ्यांनीच झिजवाल त्याला."

मला एप्रनच्या खिशात टाकून ती रोप कसं दाबायचं ते दाखवायला वाकली. खिशाची शिवण उसवलेली होती. मी घसरून खड्ड्यात पडलो. तिने माती लोटली आणि स्वतःच्याच टाचेने दाबली. ओरडायला मला तोंड नव्हतं. ते करवतीखाली कधीच गेलं होतं.

थोड्या वेळाने वरून आवाज आला, "माझं हाड कुठाय?" शोधाशोध झाली. मग व्हर्मेल म्हणाली, "त्या लांबड्याची पिशवी बघा."

"मावशी, काय बोलतेस!"

प्रूइटने स्वतःच पिशवी उलटी केली. पाण्याची बाटली, गोळ्या, टोपी आणि ती वही.

"बघ, मापं घेऊन ठेवलीत," व्हर्मेल म्हणाली.

"बाई, मी घेतलेलं नाही."

"घेणारा असंच म्हणतो."

तो गाडीत जाऊन बसला आणि शेवटपर्यंत उतरला नाही. ही गोष्ट पसरली. पुढचे दोन घोळके आलेच नाहीत. तलीथा मावशीशी कामापुरतं बोलू लागली.

मी मातीत. उन्हाळाभर गवताची मुळं मला वेढत गेली. ऑक्टोबरात, गवताला गुलाबी तुरे आले असताना, व्हर्मेल एकटीच तण काढत होती. तिचं खुरपं माझ्यावर आपटलं. तिने मला उपसून स्कर्टला पुसलं आणि आजूबाजूला पाहिलं. कुणी नव्हतं. घरी नेऊन तिने मला शिवणाच्या खणात, तळाशी, चिंध्यांखाली ठेवलं.

दोन दिवस ती दुसऱ्याच चमच्याने काम करत राहिली.

"तो चमचा जमतोय का?" तलीथाने विचारलं.

"जमतोय."

मित्रांनो, जन्मभर मी परक्यांवर संशय घेतला. त्या अंधाऱ्या खणात पहिल्यांदा तो व्हर्मेलवर घेतला. वाटलं, ही मला पुन्हा गाडणार, आणि या खेपेला जाणूनबुजून.

तिसऱ्या दिवशी सहा पाहुणे आले. तिने मला आणून त्यांच्यासमोर टेबलावर ठेवलं.

"आज स्वप्नाची गोष्ट नाही," ती म्हणाली. "एका म्हातारीने पाहुण्याला चोर म्हटलं, त्याची आहे." आणि तिने सगळं सांगितलं, खणातल्या दोन दिवसांसकट. कुणी डोळे पुसले नाहीत. दारात उभ्या असलेल्या तलीथानेही नाही.

ते गेल्यावर तिने तलीथाकडून प्रूइटला फोन लावून घेतला. व्हर्मेलला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज मोठा ठेवला होता.

"मी व्हर्मेल. टोपलीवाली. हाड मिळालं. मीच गाडलं होतं."

"हं."

"तुम्हाला चोर म्हटलं. चुकलं माझं." मग तिला राहवलं नाही. "पण मापं कशाला घेतली होतीत?"

"तुमची भाची म्हणाली होती, शिकणाऱ्या मुलींना हत्यारं पुरत नाहीत. घरी चमचे घासून पाठवणार होतो."

"मग?"

"राग आला. नाही पाठवले." मग त्याने विचारलं, "मी लावलेलं गवत आलं का?"

"कमरेएवढं झालंय."

"बरं," म्हणून त्याने फोन ठेवला.

तो पुन्हा आला नाही, चमचेही आले नाहीत. पाहुणे मात्र हळूहळू येऊ लागले. व्हर्मेल अजूनही आधी हातच बघते. आम्हाला लुटलंय लोकांनी, सवय जात नाही. पण गोष्ट सांगते ती खरी.

मित्रांनो, तुमच्या हातून कुणावर खोटा आळ घेतला गेला असेल, तर चूक सांगायला दोन दिवसही लावू नका. मी सहा महिने मातीत काढले आणि दोन दिवस त्या खणात. मोठे होते ते दोन दिवसच.