उपाशी पोटी बोललेलं

अनुसयाअक्कांनी एकदा शब्द दिला की हुबळीतल्या त्या घरात ब्रह्मदेवाचंही काही चालत नसे. हेमावती तर त्यांची साधी भावजय. अक्कांनी कलघटगीच्या किराणावाल्यांच्या घरी हेमावतीची लेक भार्गवी द्यायचं कबूल केलं, तेव्हा पोर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होती आणि ढसाढसा रडत होती. हेमावतीने नवऱ्याकडे पाहिलं. सुमंतने नेहमीप्रमाणे पेपरात डोकं खुपसलं, आणि तिनेही नेहमीप्रमाणे पोह्यांना फोडणी घातली.

पण सकाळी चहाच्या आधी भलतंच होऊ लागलं. हेमावतीला दरदरून घाम फुटायचा, नजर भिरभिरायची, आणि लग्न झाल्यापासून ‘हो अक्का’खेरीज जिने तोंड उघडलं नव्हतं ती ओट्यावर हात आपटून ओरडायची, “लग्न होणार नाही. माझी पोर शिकणार.” गोड चहा पोटात गेला की शांत. नंतर तिला काही आठवायचं नाही. भार्गवीकडून कळलं की मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अक्कांच्या मते हा देवीचा कोप होता. त्यांनी तिला मंगळवार-शुक्रवारचे कडक उपास लावले, तसे झटके वाढले. संध्याकाळी गूळखोबऱ्याचा प्रसाद खाऊन ती ताळ्यावर आली की अक्का हात जोडायच्या : पावली बाई देवी! करायला गेले गणपती आणि झाला मारुती, पण त्या मारुतीलाच शेंदूर फासत बसलेल्यांना सांगणार कोण?

एका शुक्रवारी ती न्हाणीत बेशुद्ध पडली, तेव्हा कुठे सुमंतने अक्कांना न विचारता रिक्षा बोलावली. नवनगरच्या हॉस्पिटलात डॉक्टर अश्विनींनी साखर तपासली आणि त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. हे वेड नाही, कोपही नाही, त्या म्हणाल्या. स्वादुपिंडात बारीक गाठ असावी. क्वचितच कुणाला होते. नको तेव्हा इन्सुलिन सोडते आणि साखर पाडते. खात्री करायची तर नुसत्या पाण्यावर ठेवायचं, झटका येईपर्यंत, मधूनमधून रक्त तपासत.

हेमावतीला रडूच आलं. शहाणी ठरायचं तर आधी चारचौघांत वेडं व्हायचं! हाताला सुई, खाटेला कठडे, आणि समोरच्या खुर्चीत अक्का जपमाळ घेऊन. तिला भुकेची भीती नव्हती, स्वतःच्या तोंडाची होती. दुसऱ्या दिवशी घाम फुटला तेव्हा तिने पदराचा बोळा दातांत धरला. पण सलाइनमधून साखर जाऊन ती भानावर आली, तेव्हा अक्कांच्या चेहऱ्यावरूनच तिला कळलं की बोळा टिकला नव्हता.

तपासण्यांत शेंगदाण्याएवढी गाठ सापडली. शस्त्रक्रिया झाली, गाठ साधी निघाली, जखम भरली.

घरी सगळे गोड वागू लागले. अक्का सर्वांत जास्त. “ती तू नव्हतीस गं, ती गाठ बोलत होती,” त्या तिच्या डोक्यावरून हात फिरवत म्हणाल्या. “मी मनात नाही ठेवलं.” कलघटगीलाही निरोप गेला : वेड नव्हतं, गाठ होती, काढली.

आता सकाळी जाग यायची ती लख्ख. घाम नाही, थरथर नाही. हेमावती अंथरुणात पडून त्या ओरडणाऱ्या बाईची वाट बघायची, आणि ती येत नाही म्हणून तिला भीती वाटायची. तिचा आवाज जरा चढला तरी कुणीतरी साखर मोजायचं यंत्र घेऊन यायचं. बरं होऊन ती आगीतून फुफाट्यात पडली होती.

रविवारी नाश्ता झाल्यावर अक्का पंचांग घेऊन लग्नाचा मुहूर्त काढायला बसल्या.

“अक्का, थांबा,” हेमावती म्हणाली.

“सुम्म बस की गं, गप,” अक्का मायेने म्हणाल्या. “सुमंता, हिची साखर बघ बघू.”

सुमंतने तिच्या बोटाला सुई टोचली. हेमावतीला वाटलं, कमी निघू दे, आजच्या दिवस तरी कमी निघू दे.

“एकशे आठ,” तो म्हणाला. “बरी आहे.”

“मग ऐका,” ती म्हणाली. “भार्गवीचं लग्न होणार नाही. ती शिकणार. हे मी बोलतेय.”

सुमंतने पुन्हा एकदा यंत्राकडे पाहिलं. आकडा तोच होता. आता दोष द्यायला गाठ उरली नव्हती; बोललेलं सगळं तिच्या एकटीच्या अंगावर होतं, आणि अक्कांनी पंचांग अजून मिटलं नव्हतं.