उभं राहायला जागा

भटक्याने ओलं फडकं दुसऱ्यांदा फिरवलं आणि तळं हललं. आधी त्याला वाटलं, आपल्यालाच भास झाला. मग निळा रंग पडद्यावरून ओघळून फरशीवर आला आणि पाठोपाठ डोंगराची हिरवी कडाही त्याच वाटेने उतरायला लागली. त्याने घाईघाईने फडक्यानेच ओघळ अडवायला घेतला. त्यात तळ्याच्या काठचे दोन हंस होते, तेही गेले.

पडदा त्याच्या वडिलांच्या वेळचा होता. पाट्या रंगवणाऱ्या कुणा कारागिराने डिंकात पावडरचे रंग कालवून तो काढला होता. त्यावरची धूळ नुसती झटकायची, पाण्याचा थेंबही लागू द्यायचा नाही, हे त्या घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असायला हवं. पण हे पोर एकविसाव्या वर्षी कॅमेरा घेऊन जे बाहेर पडलं ते जगभर हिंडून, साठीला टेकून आणि मणका दुखावून आत्ता परत आलं होतं. त्याला भटक्या हे नाव ताईनेच ठेवलेलं, आणि आता बदलण्यात काही अर्थ नव्हता. डॉक्टरांनी बजावलं होतं, सहा महिने प्रवास नाही, ओझं उचलणं नाही. रिकामं बसवेना म्हणून त्याने ताईच्या फोटो स्टुडिओची साफसफाई काढली. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

ताई आतल्या खोलीतून आली आणि दारातच थबकली.

"हे काय रे?"

"धूळ पुसत होतो."

"धूळ कसली, तळंच पुसलंस की!"

ती ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिने बादली आणली, गुडघ्यावर बसली आणि फरशीवरचं तळं टिपून घ्यायला लागली. तो वाकायला गेला तर तिने नुसता हात वर केला. पाठीमुळे त्याला तेवढंही वाकता येत नव्हतं.

"पुढच्या रविवारी मास्तर येणार," ती फरशीकडे बघतच म्हणाली. "त्यांना आता काय, भिंत दाखवू?"

मास्तर म्हणजे तीन दुकानं सोडून बसणारे टेलरमास्तर. लग्न झालं तेव्हा हातात इतकं काम होतं की नव्या नवरीला घेऊन कुठे चार दिवस जाणं जमलं नाही. म्हणून ते तिला घेऊन इथे आले, या पडद्यासमोर फोटो काढला आणि म्हणाले, यंदा हे तळं, पुढच्या वर्षी खरं. ते पुढचं वर्ष अजून उजाडायचं होतं. लग्नाच्या तारखेला दोघं तासाभरासाठी दुकानाला कुलूप लावून यायची, फोटो काढायची आणि परत जायची. असे एकेचाळीस फोटो मास्तरांच्या मशीनवरच्या भिंतीवर ओळीने लावले होते. माणसं म्हातारी होत गेली, तळं तेवढं तसंच राहिलं.

"कॅमेऱ्याचे फोन आले आणि बाकीचं गिऱ्हाईक गेलं, त्याचं मी मनाला लावून घेतलं नाही," ताई म्हणाली. "पण ही दोघं इथून नाराज होऊन गेली ना, तर मी शटर ओढलं म्हणून समज."

ती हे रागाने म्हणाली नाही, म्हणजे खरंच करणार. बाबांनी सुरू केलेला आणि ताईने एकटीने चालवलेला स्टुडिओ एका ओल्या फडक्याने बंद पडणार!

"अगं, तळ्यांची काय कमी आहे माझ्याकडे?" तो उसन्या अवसानाने म्हणाला. "अशी तळी देतो की मास्तर जुनं विसरून जातील. कापडावर मोठा फोटो छापून देतात आता. तू फक्त पसंत कर."

दुपारी खिडक्या लावून त्यांनी भिंतीवर पांढरी चादर ताणली. भटक्याने प्रोजेक्टर जोडला आणि पहिलंच चित्र हुकमी टाकलं. शांत पाणी, त्यात उलटं पडलेलं हिमशिखर. हा फोटो किती कॅलेंडरांवर आला होता याची त्याची त्यालाही गणती नव्हती. ताई बराच वेळ बघत राहिली. मग उठली आणि चादरीसमोर जाऊन उभी राहिली, मास्तर उभे राहतात तिथेच.

शिखर बरोबर तिच्या डोक्यातून वर आलं.

"शिंग फुटलं का रे मला?"

"थोडी डावीकडे हो."

डावीकडे खडक तिच्या खांद्यावर बसला. उजवीकडे गेली तर चित्रातलं ऊन एका बाजूने आणि स्टुडिओचा दिवा दुसऱ्या बाजूने. अर्ध्या तोंडावर सकाळ, अर्ध्यावर संध्याकाळ व्हायची. दुसऱ्या फोटोत किनाऱ्याची रेघ तिच्या गळ्यातून गेली. धबधब्यात ती सरळ बुडाली. वाळवंटात टेकडीची धार तिच्या कानातून आरपार झाली. सुरुवातीला दोघं हसत होती. पंधराव्या फोटोला कुणी हसलं नाही.

"फार सुंदर आहेत रे," ताई म्हणाली. "खोटं नाही सांगत, डोळे निवले माझे. पण यात माणसाला उभं राहायला जागाच नाही."

"निसर्गाचे फोटो आहेत ते, ताई. माणसं नसतातच त्यात."

"नसतात, का तू उठवलीस?"

भटक्या प्रोजेक्टरची वायर गुंडाळायला लागला. एकदा गुंडाळून झाली, ती त्याने सोडून पुन्हा गुंडाळली.

त्या हिमशिखराच्या तळ्यावर एक कुटुंब चादर पसरून जेवत बसलं होतं. त्यांची लहान मुलगी पाण्यात खडे टाकायची आणि शिखर दर वेळी फुटायचं. भटक्या दोन तास हाताची घडी घालून त्यांच्या डोक्यावर उभा राहिला होता. शेवटी बिचाऱ्यांनी डबे आवरले. वाळवंटात कुणाच्यातरी पावलांची रांग होती, ती त्याने उलटं चालत चालत स्वतःच्या घोंगडीने पुसली होती. पुलावर गळ टाकून बसलेल्या एका म्हाताऱ्याला त्याने गोड बोलून उठवलं होतं, तर तो म्हाताराच माफी मागत गेला. हे किस्से तो भाषणांत रंगवून सांगायचा आणि लोक हसायचे. आज पहिल्यांदा त्याला त्यांची लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो वहीपेन्सिल घेऊन ताईसमोर बसला.

"सांग. पडद्याचा फोटो कसा हवा?"

"बाबा सांगायचे ते विसरलास?"

"मी ऐकलंच कधी होतं?"

"ते एक खरं," ताई म्हणाली आणि तिला हसू आलं. "आधी माणूस उभा करायचा, मग त्याच्यामागे डोंगर ठेवायचा. पाण्याची रेघ छातीच्या खाली. डोक्यामागे नुसतं आभाळ. उजेड डावीकडून, कारण आपली खिडकी डावीकडे. आणि मधे काही म्हणजे काही नको."

गावाला पाणी पुरवणारा तलाव बसने चाळीस मिनिटांवर होता. दोन ठेंगणे डोंगर, दगडांचा काठ, थोडं गवत आणि एक पंपघर. साऱ्या जगाची तळी पालथी घातलेल्या भटक्याने याच्याकडे आयुष्यात एकदाही कॅमेरा वळवला नव्हता. कॅमेऱ्याचं स्टँड ताईने खांद्यावर घेतलं. भटक्याने स्वतःला तिथवर नेलं, तेवढंच त्याला ओझं पुरे होतं.

ताईला उभं करून तो तिच्याभोवती हिंडत राहिला. इथे पंपघर येतं, तिथे झाड डोक्यावर बसतं. एका माणसाला मध्ये धरून जागा शोधायची, हे त्याने कधी केलंच नव्हतं. सगळी सकाळ त्यात गेली. शेवटी त्याने तिला बाजूला व्हायला सांगितलं आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या पडद्यावर आलं ते राखाडी पाणी, कडेला सरकलेले डोंगर आणि मधे नुसती मोकळीक. एरवी असल्या फोटोवर त्याने डोळे मिटून फुली मारली असती.

"काहीच नाही गं यात," तो म्हणाला.

"मग बरोबर आला," ताई म्हणाली.

शनिवारी छापलेलं कापड आलं. त्याच्या घड्या भटक्याने स्वतः इस्त्री फिरवून मोडल्या, ताईला हात लावू दिला नाही.

रविवारी मास्तर आणि वहिनी ठरल्या वेळी हजर झाली. मास्तरांच्या अंगावर स्वतः शिवलेला कोट, वहिनींच्या हातात पिशवी. पडद्याकडे नजर जाताच दोघं थांबली. ताईचा हात दिव्याच्या बटणावरच राहिला.

"मास्तर, जुना पडदा माझ्या हातून गेला," भटक्या म्हणाला. "चूक माझी आहे, ताईचा यात काही दोष नाही."

मास्तर पुढे झाले. त्यांनी सवयीने कापडाची कड अंगठा आणि बोटात धरून चोळून पाहिली. मग मधे जाऊन उभे राहिले, मान वळवून डावीकडे किती उरलं, उजवीकडे किती उरलं ते बघितलं.

"माप नेमकं घेतलंय," ते म्हणाले.

ताईने सुस्कारा सोडला. भटक्याला तर बसावंसं वाटलं. इतक्या वर्षांत कितीतरी सन्मान पदरात पडले होते, पण कुणाच्या शाबासकीने इतकं बरं वाटल्याचं त्याला आठवत नव्हतं.

वहिनी मात्र मास्तरांशेजारी येऊन उभ्या राहिल्याच नाहीत. त्या पडद्याकडेच बघत होत्या.

"हे रंगवलेलं नाही का हो?"

"नाही वहिनी. फोटो आहे."

"म्हणजे असं पाणी खरोखर आहे कुठंतरी."

"आहे ना."

"फार लांब असेल."

"छे, लांब कसलं! आपल्या गावाला पाणी पुरवतो तोच तलाव, बसनं चाळीस मिनिटं."

मास्तर कोटाची कॉलर नीट करायला लागले. ती मुळात नीटच होती.

"एकेचाळीस वर्षं," वहिनी म्हणाल्या. आवाजात राग नव्हता, नवल होतं. "ते चित्रातलं होतं, म्हणून मी कधी विचारलंच नाही, की कुठं आहे, कसं जायचं."

"तसं नाही गं. दुकान..."

"दुकानाला कुलूप लावलंय ना तुम्ही? तासाभरासाठी लावलं ते दिवसभर राहील." त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. "ताई, फोटो आज राहू दे हं. आम्ही जाऊन येतो."

मास्तर एकदा ताईकडे, एकदा पडद्याकडे बघून बायकोमागून निघाले. दारात त्यांनी कोट काढून हातावर घेतला.

ताईने दिवा बंद केला.

"घ्या! आठ दिवस खपलास आणि आलेलं गिऱ्हाईक हाकलून दिलंस."

"नाराज होऊन नाही ना गेली?"

ताई कोपऱ्यात गेली. तिने स्टँड खांद्यावर टाकलं, भिंतीवरची चावी घेतली आणि वळून त्याच्याकडे बघितलं.

"बसलास काय असा? ती दोघं तिथं जाऊन उभी राहणार आणि फोटो कोण काढणार त्यांचा? सव्वाअकराची बस आहे, ऊठ."

ताई आणि भटक्या तलावावर पोचली तेव्हा पाठवून दिलेलं गिऱ्हाईक आधीच काठाशी होतं. वहिनी घोटाभर पाण्यात उभ्या होत्या, चपला हातात. मास्तर काठावर बसून पँट दुमडत होते, दोन्ही पायांची पट्टी सारखी यावी म्हणून पुन्हा पुन्हा उलगडत होते. पंपघर नेमकं त्यांच्या डोक्यामागे आलं होतं. ऊन भलत्या बाजूने होतं. भटक्याने आठ दिवसांत शिकलेलं सगळंच तिथे चुकत होतं.

मास्तरांनी या दोघांना पाहिलं आणि एकेचाळीस वर्षांच्या सवयीने ताडकन उठून सरळ झाले. एक पाय दुमडलेला, एक नाही.

"कुठं उभं राहू हो?" त्यांनी ओरडून विचारलं.

ताई स्टँड उघडायला लागली. भटक्याने तिला थांबवलं, कॅमेरा हातात घेतला आणि पाठीवर एक हात ठेवून दगडांवरून सांभाळून खाली उतरायला लागला.

"तुम्ही राहा हो कुठंही," तो ओरडला. "मी सरकतो."