शंभर काय, बाई?

मी पायथॉन या संगणकाच्या भाषेतला एक जुना क्लास, म्हणजे कोडचा साचा आहे. नाव ‘माप’. लाकडाचा नाही, लोखंडाचा नाही, चाळीस ओळींचा. पाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रातल्या केमिस्टबाईंनी मला घडवलं, पुस्तकं उसनी आणून, चुकत चुकत. मित्रांनो, आकडा आणि त्याचं एकक यांची फारकत होऊ द्यायची नाही, एवढंच माझं काम. अडीच ग्रॅमला चाळीसने गुणा, मी शंभर ग्रॅमच देणार. गुणाकाराचं चिन्ह माझ्या डावीकडे आलं किंवा उजवीकडे, तरी काय करायचं, ते बाईंनीच मला शिकवलं होतं.

आलेख काढायला सोपं जावं म्हणून त्यांनी मला एक मागचं दारही ठेवलं. कुणी मागितलं की तिथून नुसता आकडा द्यायचा. तिथेच घात झाला.

तीन वर्षं ‘मात्रा गुणिले टाक्या’ असं बाईंच्या हिशेबात लिहिलेलं होतं. डावीकडे मी, हजार लिटरला अडीच ग्रॅम पावडर; उजवीकडे सात टाक्यांचा अ‍ॅरे, म्हणजे कुठल्या टाकीत किती हजार लिटर पाणी, त्या आकड्यांची रांग; पहिली टाकी चाळीसची. एका सकाळी बाईंनी ती ओळ आवरताना ‘टाक्या गुणिले मात्रा’ करून टाकलं. हिशेबाचा पहिला मान डावीकडच्याचा, म्हणजे आता अ‍ॅरेचा. त्याने मला विचारलंसुद्धा नाही. मागच्या दाराने अडीच उचलला, ग्रॅम तिथेच टाकला आणि सात गुणाकार करून मोकळा झाला. चूक झाल्याची कुठे कुरकुर नाही. असले मुके घोटाळेच जिवावर उठतात.

त्या हिशेबाचा कागद पंपवाल्या काकांच्या हाती गेला. काकांची एक खोड होती. एकक मोठ्याने वाचल्याशिवाय ते पावडरीच्या डब्याला हात लावत नसत. त्यात त्या दिवशी पावडर नवी, नेहमीचा अंदाज चालणार नव्हता.

“शंभर काय, बाई? ग्रॅम की किलो?”

“अंदाजाने टाका हो,” केंद्राचे साहेब म्हणाले.

“अंदाजाने तुमच्या घरच्या पिंपात टाका. हे पाणी अख्खं गाव पितं.”

साहेब भडकले. “बाई, तुमचा तो ‘माप’ काढून फेका. साधे आकडे बरे.”

“साधे आकडेच आलेत ना कागदावर?” बाई म्हणाल्या. “मग सांगा काकांना, शंभर काय.”

साहेबांनी चष्मा पुसायला घेतला.

दुपारपर्यंत बाईंनी माझी ओळ न् ओळ तपासली आणि एकच नवी ओळ घातली: अ‍ॅरेने माझ्या वतीने हिशेब करायचा नाही. आता तो डावीकडे असला तरी माघार घेतो, आणि गुणाकार माझ्याकडे येतो. बाई रोज सकाळी मला दोन्ही बाजूंनी गुणून बघतात.

“शंभर ग्रॅम,” त्या दुपारी नवा कागद घेऊन काकांनी खणखणीत वाचलं आणि डबा उघडला.

मित्रांनो, उद्या तुम्हीही माझ्यासारखे क्लास लिहाल. त्यांना डावीकडून गुणा, उजवीकडून गुणा. आणि नुसता आकडा हातात आला, तर ‘शंभर काय’ असं विचारा. समोर साहेब असला तरी विचारा.