हरेल त्याचं शटर

दादा गेल्याला अठरा दिवस झाले, तरी धाकट्याच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. नातेवाईक आले, रडले, जाताना त्याच्याकडे बघून आपापसांत कुजबुजले. कुजबुजोत बापडे. रडायचं नाही असं काही त्याने ठरवलं नव्हतं. आत काही हलतच नव्हतं, त्याला तो तरी काय करणार?

दोघा भावांचं कॉम्प्युटर जोडून विकायचं दुकान होतं. अठरा दिवस त्याला कुलूप होतं. त्या दुपारी वहिनी ताट वाढताना म्हणाली, "भाऊजी, शेजारचे चष्मेवाले गाळा मागतायत. शनिवारी सांगायचंय त्यांना."

"देऊन टाकू."

"मनापासून म्हणताय?"

"कशापासूनही म्हणा. देऊन टाकू."

वहिनीने त्याच्या पानात भाजी वाढली. मग म्हणाली, "तेवढं त्या नकाशेवाल्या बाईंचं मात्र करून द्या. आठ मशिनं घ्यायचीयत त्यांना. कोणता प्रोसेसर घ्यावा ते लिहून देतो, असा शब्द दिला होता ह्यांनी."

दादाचा शब्द मोडायचा तर निदान कंटाळा तरी यायला हवा. धाकट्याला तोही आला नाही. किल्ल्या घेऊन तो मागच्या दाराने दुकानात शिरला.

मागच्या टेबलावर दोन उघडी मशिनं शेजारी शेजारी मांडलेली होती. दरवर्षी दोन कंपन्यांचे नवे प्रोसेसर आले की भाऊ त्यांची झुंज लावत. लाल खोक्यातला धाकट्याचा, निळ्या खोक्यातला दादाचा. तीच चाचणी तीनदा घ्यायची, मधला आकडा धरायचा, मग त्याला किमतीने भागायचं. नियम एकच: आपलं मशीन आपण जोडायचं, दुसऱ्याने त्याला बोट लावायचं नाही. आणि हरेल त्याने वर्षभर रोज सकाळी नऊ वाजता येऊन शटर उघडायचं.

ही टूम दादाचीच. पाच वर्षांपूर्वी धाकट्याचं लग्न मोडलं. बॅग उचलून तो भावाच्या घरी आला आणि दुकानात बसू लागला. रात्रभर टक्क जागा, पहाटे कुठे डोळा लागायचा. अकराच्या आत त्याचं तोंड कोणी पाहिलं नाही. दादा त्याला गिऱ्हाइकांसमोर 'आमचा कुंभकर्ण' म्हणायचा. पण शर्यत लागली आणि हा गडी पाचही वर्षं जिंकला. दादा हरला की कपाळाला हात लावायचा, "लक्ष्मी रुसली रे माझ्यावर," म्हणायचा आणि दुसऱ्या दिवशी नवाच्या ठोक्याला शटरपाशी हजर.

दादाने या वर्षीचं आपलं मशीन जायच्या आदल्या दिवशीच जोडून ठेवलं होतं. धाकट्याने दोन्ही सुरू केली. पंखे घरघरले. तो स्टुलावर बसून आकडे उतरवू लागला. लाल: अठरा हजार चारशे. निळा: सतरा हजार शंभर. निळ्याची किंमतही शंभरात पाचाने जास्त. म्हणजे सहाव्यांदा जिंकलो, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याचंही त्याला काही वाटलं नाही.

फक्त निळा इतका मागे पडायला नको होता. बाईंना लिहून द्यायचं तर कारण कळायला हवं. बोट लावायला आता कोणाची मनाई होती? त्याने दिवा खाली ओढला आणि दादाच्या मशीनमध्ये डोकं घातलं.

रॅमच्या दोन पट्ट्या होत्या, चार खाचा. पट्ट्या पहिल्या दोन खाचांत चिकटून बसवल्या होत्या. पट्ट्या एक खाच सोडून बसवायच्या, नाहीतर दोघी मिळून एकीचंच काम करतात आणि प्रोसेसर ताटकळत राहतो. हे त्याला पहिल्याच दिवशी कोणी शिकवलं होतं? दादानेच. "एक सोडून एक, विसरलास तर कान उपटीन," असं म्हणून.

दादाची तब्येत आधीच बिघडली असेल, म्हणून चुकला असेल. असं म्हणत त्याने मान वर केली. समोर भिंतीवर पाच वर्षांचे निकाल टाचलेले होते आणि प्रत्येकाखाली दोन्ही मशिनांचा फोटो. तो उठून जवळ गेला. गेल्या वर्षीचं निळं मशीन: पट्ट्या चिकटून. त्याआधीचं: चिकटून. पाचही फोटोंत तेच. पाच वर्षं तो या भिंतीखाली बसून चहा प्यायला होता.

त्याने पट्ट्या काढल्या, एक खाच सोडून बसवल्या आणि तीन फेऱ्या पुन्हा घेतल्या. एकोणीस हजार नऊशे. किंमत शंभरात पाचाने जास्त, वेग शंभरात आठाने. निळा जिंकला होता.

बाईंना त्याने निळा लिहून दिला. मग भिंतीवरच्या कागदासारखाच कागद घेतला, आकडे भरले, आणि 'हरला' या शब्दापुढे स्वतःचं नाव लिहिलं.

घरी येऊन त्याने वहिनीला विचारलं, "दादा मुद्दाम हरायचा?"

वहिनी पोळ्या लाटत होती. तिने मान वर केली नाही. "मी म्हणायचे, सरळ सांगा ना भाऊजींना, सकाळी मी येतो म्हणून. तर हे म्हणायचे, सांगितलं तर उपकार होतील. पहाटे झोपतोय, झोपू दे."

दुसऱ्या दिवशी नवाला धाकटा शटरपाशी उभा होता. तीन किल्ल्यांतली शटरच्या कुलपाची कोणती, हेही त्याला ठाऊक नव्हतं. कुलूप निघालं, पण शटर गुडघ्याइतकं वर येऊन अडलं. त्याने दोनदा जोर लावला.

"डावीकडून गुडघा लावा," शेजारचे चष्मेवाले आपल्या पायरीवरून म्हणाले. "रोज तिथेच अडतं. तुमचे दादा तसंच करायचे." मग पायरी उतरून जवळ येत, "गाळ्याचं काय ठरलं?"

"नाही द्यायचा."

"का हो?"

"वर्षभर माझी पाळी आहे."

त्याने डावीकडून गुडघा लावला. तिथला पत्रा आधीच गुडघ्याएवढा आत चेपलेला होता. शटर वर गेलं आणि धाकटा तिथेच उंबऱ्यावर बसून रडू लागला.