वरच्या खोलीतले चार दिवस

एबेरला वाचवायचे होते चार दिवस. खालच्या खोलीत रोज अठरा तास मवाळ उजेडात वाढलेली गांजाची रोपं वरच्या फुलोऱ्याच्या खोलीत नेली, की आधी त्यांना चार दिवस रुळू द्यायचं, दिवे उंच टांगून निम्म्यावर ठेवायचे, अशी सभासदांसाठी कायदेशीर गांजा पिकवणाऱ्या त्यांच्या क्लबची रीत. सासरी आलेल्या पोरीला पहिल्याच दिवशी कुणी जात्याला जुंपत नाही, तसंच हे. पण एबेरचा हिशेब वेगळा होता. हे चार दिवस वाचले तर फुलं मोंतेविदेओतल्या क्लबांच्या स्पर्धेआधी वाळून तयार होणार, आणि बागेचा मुख्य तोच, त्यामुळे नाव त्याचंच होणार.

सोमवारी त्याने चोवीस रोपं वर नेली आणि त्याच दुपारी दिवे पूर्ण ताकदीवर सोडले.

बुधवारी पानांच्या कडा वर वळल्या, शेंडे पांढुरके पडले. क्लबचा अध्यक्ष एल्बिओ, तीस वर्षं बस चालवलेला गडी, काखेत थर्मास दाबून धापा टाकत वर आला.

"काय रे, रोपं आहेत ही, की निखाऱ्यावर विसरलेली आतडी?"

"खालूनच पाणी जास्त पिऊन आलीत," एबेर बोलून गेला. "झुल्माबाईंचा हात सैल आहे ना."

खालची खोली झुल्माबाई सांभाळत. वय एकाहत्तर, सगळा जन्म शाळेच्या स्वयंपाकघरात गेलेला. गुडघ्यांमुळे त्या उभ्या जिन्याच्या वाटेला जात नसत. वरचं जे कुणी सांगेल ते त्यांना खरं. एबेरला हे ठाऊक होतं, आणि पुढे त्याला सगळ्यात जास्त बोचलं ते हेच.

शुक्रवारी सगळे टेबलाभोवती जमले, तेव्हा एल्बिओला राहवलं नाही. "झुल्माबाई, शाळेच्या सूपमध्ये घालायचात तेवढं पाणी रोपांना नका हो घालू!"

सगळं टेबल खदखदून हसलं. झुल्माबाईही हसल्या, पण सगळ्यांचं हसून झाल्यावर.

"म्हातारीचा हात, बाबांनो. चुकला असेल अंदाज. एबेर, माझ्यापायी तुला ताप झाला रे."

एबेर भोपळ्याच्या पेल्यातला माते, तो कडवट पाल्याचा चहा, नळीने ओढत राहिला. भोपळ्यातलं पाणी कधीच संपलं होतं, नुसता घुर्र घुर्र आवाज येत होता.

वरचे दिवे त्याने गुपचूप निम्म्यावर आणले होते. रोपं सावरायला आठ दिवस लागले. स्पर्धा हुकली, पण त्याला दोष कुणी दिला नाही. उलट एल्बिओने पाठ थोपटली, "वाचवलीस बघ!" ती थाप त्याला दिवसभर पाठीवर जाणवत राहिली.

दोन आठवड्यांनी झुल्माबाईंनी त्याला खाली हाक मारली. हातात औषधाचा मोजायचा कप. "इतकंच घालते आता. बघ बरं, पुरे का? माझा मलाच भरवसा राहिला नाही."

नव्या तीस रोपांपैकी अकरांनी मान टाकली होती. एबेरने मातीत बोट खुपसलं. नुसता भुगा. त्याचे कान तापले.

"दोष पाण्याचा नव्हता, झुल्माबाई. त्या वेळी रोपं करपली ती वरच्या दिव्यांनी. मीच सोडले होते पूर्ण."

बाईंनी कप कुंडीच्या कडेला ठेवला.

"मग त्या शुक्रवारी मी हसले कशाला?"

एबेरने माफी मागायला तोंड उघडलं, तोच बाईंनी हात वर केला.

"मला नको सांगूस. टेबलावर सांग. जे हसले त्यांच्यासमोर."

शुक्रवारी त्याने सांगितलं, एका दमात, मान खाली घालून. कुणी हसलं नाही. "गाढवा," एल्बिओ म्हणाला, "बस आदळली की ड्रायव्हरने म्हातारीला दोष द्यायचा होय?" आणि थोड्या वेळाने त्यानेच माते भरून एबेरपुढे सरकवला.

म्हणजे एबेरचं अर्ध्या तासात फिटलं. बागेचं मुख्यपद गेलं, तेही त्याला हलकंच वाटलं. क्लबची अकरा रोपं गेली, ती महिन्याभरात भरून निघाली. झुल्माबाई अजून कपानेच मोजतात, आणि दर कुंडीला जिन्याकडे तोंड करून विचारतात, "एबेर, पुरे का रे?"