चिखलात चालणारा पाय

धानाची रोवणी चार दिवसांवर आली आणि सुलोचनाबाईंच्या पायाची टाच उलली. डावा पाय गुडघ्याखाली रबराचा. खरा नऊ वर्षांपूर्वी मळणीयंत्रात गेला. काठी टेकत त्या लाखांदूरहून एसटीने साकोलीला आल्या, चंद्रकुमारच्या दुकानी.

हा पाय चंद्रकुमारने त्यांच्याच धानाच्या बांधीच्या धुऱ्यावर, शेताच्या बांधावर बसून घडवला होता. इतर पाय चिखलात रुतले की निघत नसत. दोन हंगाम त्याने बाईंचं चालणं पाहिलं आणि टाचेला अशी फट ठेवली, की पाऊल उचलताच चिखल सुटे. चाळीस माणसं त्या पायावर पुन्हा शेतात उतरली.

मग मोठ्या कंपनीने त्याचा कारखाना साच्यांसकट विकत घेतला. पाय आता गावोगावी जाईल, म्हणून त्याने पेढे वाटले. कंपनीने वर्षभरात साचे भंगारात घातले. तिला स्वतःचा महागडा पाय खपवायचा होता. गावाची बोडी, म्हणजे तळं, विकत घेऊन कुणी त्याची पाळ फोडली तर आपण त्याला ठाण्यात नेतो. इथे मात्र सौद्याला टाळ्या वाजल्या.

दुकानात चंद्रकुमारशेजारी कंपनीचा कमलेश बसला होता.

"जुना पाय जमा करा काकू, पहिला नवा फुकट. इथं सही."

"नवा चिखलात चालते का?"

"चिखलात कायले जाता आता? आराम करा."

"रोवणी तू करून देशीन का गा?"

कमलेश मोबाइल पाहू लागला. बाई चंद्रकुमारकडे वळल्या. "तू लावून दे टाच."

"मले हात लावता येत नाही काकू. पाच वर्षं. लिहून देलं आहे."

"मंग सांग नुसतं. मी लावतो."

"सांगाचीही बंदी आहे."

"तू शिकला कोनाच्या चालण्यावरून? माहं चालणं बी इकलं का गा?"



बाईंनी सही केली नाही. घरी बैलबंडीच्या जुन्या टायरची टाच कापली, आठवून आठवून फट ठेवली, तारेने आवळली. चौथ्या दिवशी त्या बांधीत उतरल्या. त्यांची रोपांची ओळ वाकडी गेली, पण गेली.

धुऱ्यावर शेजारचा ईश्वर बसला होता, नव्या चकचकीत पायाला प्लास्टिक गुंडाळून. जुना त्याने जमा केला होता.

"काकू, तुई टाच पाहू देशीन का?"

"पाह्य ना बापा. माही सही कुठंच नाही."

ईश्वर खाली वाकला आणि बोटांनी फटीचं माप घेऊ लागला. कंपनीकडे तोवर चाळीसांतले अडतीस पाय जमा झाले होते.