साध्या पाण्याची रेघ

होळीला पळसाची फुलं पाण्यात उकळून केशरी रंग काढायचा, ही गिरिधर सरांच्या घरची जुनी रीत. प्रयोगशाळेतही त्यांनी तीच चालवली. फुलं वाळवून ठेवायची, लागतील तशी डिस्टिल्ड पाण्यात उकळायची, गाळायची, आणि तो अर्क सिंग्लेट ऑक्सिजनला किती लवकर विझवतो ते मोजायचं. वैभवी कुहीहून नागपूरला एम.एस्सी. करायला आली आणि पुढं या मोजणीपायीच राहिली.

सिंग्लेट ऑक्सिजन म्हणजे आपल्या श्वासातलाच ऑक्सिजन, पण डोकं फिरलेला. पाण्यात मुद्दाम विरघळवलेल्या एका वेगळ्या, पळसाच्या नसलेल्या रंगावर लेझर पडला की रंग ती ऊर्जा शेजारच्या ऑक्सिजनला देतो, आणि मग हा पठ्ठ्या भेटेल त्याच्या अंगावर जातो. त्याचं आयुष्य किती, हे तो कशात बसलाय त्यावर. साध्या पाण्यात तो सेकंदाचा दहा लाखावा भाग तीन-चार वेळा मोजावा इतकाच टिकतो. पाण्याचे रेणू त्याची ऊर्जा पटकन ओढून घेतात. जड पाण्याच्या रेणूंना, ज्यांत हायड्रोजनच्या जागी त्याचा जड भाऊ असतो, ते तितकं साधत नाही, म्हणून तिथं तो जवळजवळ वीसपट जगतो. मरताना जो अंधूक, डोळ्यांना न दिसणारा प्रकाश देतो, तोही तिथं नीट पकडता येतो. म्हणून मोजणी जड पाण्यात.

सरांचा निकाल झकास होता. जड पाण्यात पळसाच्या अर्काचे दोन थेंब टाकले की आयुष्य थेट अर्ध्यावर. शोधनिबंध तयार होता. सोमवारी वैभवीनं तो बाहेरच्या परीक्षकांपुढं मांडायचा आणि मग सर तिच्या पीएच.डी.च्या अर्जावर सही करणार, असं ठरलेलं.

शुक्रवारी दुपारी तिच्या मनात आलं, अर्काऐवजी तेवढंच साधं डिस्टिल्ड पाणी टाकलं तर? टाकलं. पडद्यावरची त्या अंधूक प्रकाशाची रेघ झरकन खाली आली.

"काय झालं वं? भूत पाह्यलं काय?" शेजारच्या टेबलावरून करिष्मानं विचारलं. दोघी एकाच वर्षाच्या.

"पळस नाही टाकला मी. नुसतं पाणी टाकलं."

"मंग?"

"मंग काय, आयुष्य अर्ध्यावर. पळसानं येते तेवढंच."

करिष्मा उठून आली, रेघ पाहिली, आणि दाराकडं एक नजर टाकून खालच्या आवाजात म्हणाली, "सरले सांगू नको. सोमवार होऊ दे. सही घे, अन् मंग लाव तुले लावायचे तेवढे शोध."

"अन् परीक्षकानं विचारलं तर?"

"कोण विचारते? पाण्यानं काय होते, म्हणतील."

"तेच तर सारे म्हणून राहिले दोन वर्षांपासून."

"तू बी म्हणत होतीस."

"हो. मी बी."

कपाटात जड पाण्याची शेवटची बाटली होती, तळाशी थोडंसं उरलेलं. निबंधातल्या शेवटच्या आकृतीसाठी सरांनी ते राखून ठेवलं होतं. वैभवीनं अर्क सुकवला, त्याची भुकटी केली आणि ती त्या जड पाण्यात विरघळवली. आता पळस होता, पण साधं पाणी नव्हतं. नुसत्या जड पाण्यातल्या रेघेपासून ही रेघ जेमतेम हलली.

शनिवारी सरांनी रिकामी बाटली उलटी धरली. "जड पाणी कुठं गेलं?"

"वापरलं, सर. तुमच्याच पळसासाठी." तिनं तिन्ही रेघा त्यांच्यापुढं ठेवल्या आणि कशात काय होतं ते सांगितलं.

सरांनी साध्या पाण्याच्या रेघेवर बोट ठेवलं. "कूलर चालू होता. डिटेक्टरला ओल लागली असेल."

"अर्काच्या मोजणीलाही कूलर चालूच होता."

"पाणी टाकून बघ म्हणून कुणी सांगितलं होतं तुला?"

"कुणीच नाही. म्हणून तर दोन वर्षं राहून गेलं."

"अगं, पळस विझवतो. आपल्या मातीतली वनस्पती आहे ती."

"विझवतो, सर. थोडासा. बाकीचं सगळं पाणी करतं."

सरांनी कागद एकावर एक रचून तिच्याकडं सरकवले. आवाज चढला नाही. "सोमवारी ही साध्या पाण्याची रेघ दिसली, तर सही विसर. दुसऱ्या कुणाकडं जागा नाही, हेही बघून घे."

कुहीला आईनं शेजारीपाजारी सांगून ठेवलं होतं, वैभवी आता डॉक्टर होणार म्हणून. कसली डॉक्टर, ते आईलाही नीट सांगता येत नसे. वैभवीनं कागद उचलले.

"विसरते, सर."

सोमवारी तिनं पहिलीच स्लाइड साध्या पाण्याची लावली.

"ती चुकून आलीय," पहिल्या रांगेतून सर म्हणाले. "पुढं जा."

"चुकून नाही, सर. हिच्याशिवाय पुढचं काहीच कळणार नाही."

मागं करिष्मानं कपाळाला हात लावला. वैभवी बोलत राहिली, अर्क कसा उकळला, कोणत्या पाण्यात, आणि त्या पाण्यानं काय केलं. परीक्षक बाई पुढं झुकल्या होत्या. "म्हणजे दोन वर्षं तुम्ही पळस मोजलाच नाही?"

"नाही, मॅडम. पाणी मोजलं. पळस फक्त शुक्रवारी मोजला, एकदाच."

"एकदाच केलेल्या मोजणीवर मी कसा विश्वास ठेवू?"

"ठेवू नका. जड पाणी मिळालं की पुन्हा करते."

"कुणाकडं करणार?"

"जो करू देईल त्याच्याकडं."

पहिल्या रांगेत सरांनी हातातल्या पेनाला टोपण घातलं आणि ते खिशात ठेवलं. वैभवीनं ते पाहिलं. मग पुढची स्लाइड लावली.